दीनबंधू अँड्र्यूज : भिंतीबाहेर पडलेला पाळक

दक्षिण दिल्लीत रिंगरोडला लागून अँड्र्यूजगंज नावाची वसाहत आहे. तिच्याजवळून रोज हजारो लोक ये-जा करतात. पण हे अँड्र्यूज कोण, असे विचारले तर बरेच जण एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव असेल असे समजतात. इंग्रज ते खरेच होते, पण अधिकारी नव्हते. ते ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. दिल्लीत दहा वर्षे राहिले, आणि पुढे लोकांनी त्यांना प्रेमाने दीनबंधू म्हटले.

चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज यांचे चरित्र आपण बहुधा महात्मा गांधी आणि रवींद्रनाथ यांचे मित्र म्हणून वाचतो. या लेखात ते थोड्या वेगळ्या बाजूने पाहायचे आहे. परक्या देशातून आलेली एक उपासक मंडळी भोवतीचा समाज वेगाने बदलत असताना काय करते? स्वतःभोवती भिंत बांधून राहते, की दार उघडून बाहेर येते? आणि बाहेर येताना तिला काय सोडावे लागते? अँड्र्यूजांच्या आयुष्यात या प्रश्नाचे उत्तर दिसते, आणि त्या उत्तराची किंमतही दिसते.

प्रार्थनेच्या घरात वाढलेला मुलगा

अँड्र्यूजांचा जन्म १२ फेब्रुवारी १८७१ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे झाला. ते लहान असतानाच कुटुंब बर्मिंगहॅमला आले. वडील एका छोट्या ख्रिस्ती पंथाचे धर्मसेवक होते. घरात मुले पुष्कळ आणि मिळकत बेताची. आईच्या वाट्याला आलेली पुंजी ज्या विश्वासू मित्राच्या हाती सोपवली होती, त्याने ती बुडवली. त्या दिवशी घरच्या प्रार्थनेत वडिलांनी त्या मित्रासाठीच क्षमेची याचना केली. बालपणीचा हा प्रसंग अँड्र्यूज आयुष्यभर विसरले नाहीत.

१८९० मध्ये ते केंब्रिजच्या पेंब्रोक कॉलेजात दाखल झाले. अभ्यासात उत्तम यश मिळाले. प्राध्यापकाचे सुरक्षित आयुष्य समोर होते. पण त्यांचे मन गरिबांच्या वस्तीकडे ओढ घेई. उत्तरेकडील जहाजबांधणी कामगारांमध्ये आणि नंतर दक्षिण लंडनच्या वॉलवर्थ भागातील दरिद्री वस्तीत त्यांनी काही वर्षे सेवा केली. १८९७ मध्ये त्यांना चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली.

केंब्रिजमध्ये त्यांचा जिवलग मित्र होता बेसिल वेस्टकॉट. बेसिल हा थोर विद्वान बिशप वेस्टकॉट यांचा मुलगा. तो दिल्लीला धर्मसेवेसाठी गेला आणि १९०० मध्ये पटकीच्या साथीत मरण पावला. मित्राची रिकामी जागा आपण भरायची, असे अँड्र्यूजांनी ठरवले. २० मार्च १९०४ रोजी ते दिल्लीत उतरले. ही तारीख ते पुढे आपला दुसरा वाढदिवस म्हणून मानत. आपल्याकडील द्विज ही कल्पना त्यांना फार आवडे. भारतात आपला दुसरा जन्म झाला, असे त्यांना वाटत असे.

दिल्लीची ख्रिस्ती मंडळी

अँड्र्यूज आले तेव्हा दिल्लीतील ही मंडळी अर्ध्या शतकाची झाली होती. इंग्लंडच्या एका धर्मप्रसारक संस्थेने १८५४ मध्ये येथे काम सुरू केले. त्याआधी, १८५२ मध्ये, दिल्ली कॉलेजचे गणितज्ञ मास्टर रामचंद्र आणि डॉक्टर चिमनलाल यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. १८५७ च्या उठावात ही छोटी मंडळी जवळजवळ पुसली गेली. चिमनलाल मारले गेले, रामचंद्र कसेबसे वाचले. नंतर ती पुन्हा उभी राहिली. १८७७ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील तरुण धर्मोपदेशकांचा एक बंधुसंघ दिल्लीत आला. १८८१ मध्ये त्यांनी मोजक्या विद्यार्थ्यांना घेऊन सेंट स्टीफन्स कॉलेज सुरू केले. १८८५ मध्ये स्त्रियांसाठी सेंट स्टीफन्स हॉस्पिटल उभे राहिले. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडे जात नसत, त्या काळात या रुग्णालयाचे मोल फार मोठे होते.

म्हणजे सेवेची परंपरा होती. उणीव वेगळ्या ठिकाणी होती. बिशप वेस्टकॉट यांनी या बंधुसंघासमोर एक भव्य कल्पना ठेवली होती. प्राचीन काळी अलेक्झांड्रियात ग्रीक विचार आणि ख्रिस्ती श्रद्धा यांची भेट झाली. तशी भेट दिल्लीत भारतीय विचाराशी व्हावी, ही ती कल्पना. प्रत्यक्षात मात्र गोरे धर्मोपदेशक आणि भारतीय ख्रिस्ती यांच्यामध्ये बंगल्याचे कुंपण होते. उपासना एकत्र होई, पण जेवणाचे टेबल वेगळे असे. निर्णय एक बाजू घेई आणि दुसरी पाळे.

देशही बदलत होता. १९०५ मध्ये जपानने रशियाचा पराभव केला, त्याच वर्षी बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीची लाट उठली. कॉलेजातील मुलांच्या डोळ्यांत नवे तेज आले. अशा वेळी राज्यकर्त्यांच्या धर्माची मंडळी म्हणून बाजूला उभे राहायचे, की या देशाची मंडळी म्हणून लोकांत मिसळायचे, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता.

खुर्ची कोणाची?

या प्रश्नाची पहिली कसोटी एका खुर्चीवरून लागली. १९०६ मध्ये सेंट स्टीफन्स कॉलेजचे प्राचार्यपद रिकामे झाले. सुशीलकुमार रुद्र हे बंगाली ख्रिस्ती गृहस्थ १८८६ पासून तेथे शिकवत होते. वीस वर्षांचा अनुभव, शांत स्वभाव, विद्यार्थ्यांचे प्रेम, सर्व काही त्यांच्याकडे होते. तरीही वरिष्ठांपैकी अनेकांना शंका होती. इंग्रज अध्यापक एका भारतीयाच्या हाताखाली काम करतील का? शिस्तीचा प्रसंग आला तर तो निभावेल का? त्यापेक्षा तरुण, विद्वान अँड्र्यूज यांनाच प्राचार्य करावे, असे काहींचे मत होते.

अँड्र्यूजांनी ते पद घेण्यास स्पष्ट नकार दिला. नुसत्या नकारावर ते थांबले नाहीत. रुद्र यांचा अधिकार केवळ वर्णामुळे डावलला जाणार असेल तर आपण येथे राहणार नाही, असे त्यांनी कळवले. अखेर सुशीलकुमार रुद्र कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य झाले, आणि अँड्र्यूज त्यांच्या हाताखाली अध्यापक म्हणून काम करू लागले.

वरवर पाहता ही एका संस्थेतील नेमणूक होती. पण विचार करा, सत्ता गोऱ्यांची, पैसा इंग्लंडचा, आणि एक इंग्रज केंब्रिज पदवीधर भारतीयाला आपला वरिष्ठ मानून रोज त्याच्याकडून सूचना घेतो आहे. त्या काळात हे दृश्य दुर्मीळ होते. समता शिकवणाऱ्या प्रवचनांपेक्षा या एका कृतीने विद्यार्थ्यांना अधिक शिकवले. रुद्र यांनी १९२३ पर्यंत कॉलेज सांभाळले. १९२२ मध्ये दिल्ली विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याच्या पहिल्या तीन महाविद्यालयांत हिंदू कॉलेज आणि रामजस यांच्यासह सेंट स्टीफन्सही होते.

हीच हाक त्या काळी इतर ठिकाणीही उठत होती. १९१० मध्ये स्कॉटलंडच्या एडिंबरो शहरात जगभरातील धर्मोपदेशकांची मोठी परिषद भरली. तेथे दक्षिण भारतातील व्ही. एस. अझरय्या यांनी गोऱ्या धर्मोपदेशकांना सुनावले की तुमचा त्याग आम्ही पाहिला, पण आम्हाला तुमची मैत्री हवी आहे. आपल्या महाराष्ट्रात अहमदनगरचे कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ताची भक्ती अभंग-भजनांतून आणि कीर्तनातून मांडत होते. परदेशी मिशनच्या पगारावर जगणारी मंडळी या मातीत रुजणार नाही, अशी त्यांची खात्री झाली. १९१७ मध्ये त्यांनी तो पगार सोडला आणि देवाचा दरबार ही आपली स्वतंत्र बंधुमंडळी उभारली. दिल्ली, दक्षिण भारत आणि अहमदनगर येथील ही माणसे वेगवेगळ्या वाटांनी एकाच निष्कर्षावर आली होती.

जुन्या दिल्लीचे स्नेही

रुद्र यांच्या घरातून अँड्र्यूजांना भारताचे दार उघडले. त्यांनी उर्दूचा अभ्यास केला. चांदणी चौकाच्या गल्ल्यांतून ते वृद्ध मुन्शी झकाउल्ला यांच्याकडे जाऊन बसत. १८५७ च्या आधीची दिल्ली झकाउल्लांनी पाहिली होती. हिंदू-मुसलमान एकमेकांच्या सणांत सहभागी होत त्या दिवसांच्या आठवणी ते सांगत. अँड्र्यूजांनी त्यांना बदलण्याचा प्रयत्न केला नाही. ते ऐकत राहिले. पुढे १९२९ मध्ये त्यांनी झकाउल्लांचे चरित्र लिहिले. एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने एका मुसलमान विद्वानाचे प्रेमाने लिहिलेले हे चरित्र आजही जुन्या दिल्लीच्या अभ्यासकांना उपयोगी पडते.

हरिद्वारजवळच्या गुरुकुल कांगडीचे महात्मा मुन्शीराम, म्हणजेच पुढचे स्वामी श्रद्धानंद, यांच्याशीही त्यांचा गाढ स्नेह जुळला. आर्यसमाज आणि ख्रिस्ती मिशन यांच्यात त्या काळी कडाक्याचे वाद चालत. त्या वादाच्या दोन बाजूंची ही दोन माणसे एकमेकांना भाऊ मानू लागली. साधू सुंदरसिंग हा भगव्या वेषातला पंजाबी ख्रिस्तभक्तही याच काळात त्यांच्या जवळ आला. भारतीय साधूच्या रूपात ख्रिस्ताची भक्ती कशी शोभून दिसते, हे अँड्र्यूजांनी त्याच्यात पाहिले, आणि पुढे त्याच्यावरही एक आठवणींचे पुस्तक लिहिले.

१९१२ मध्ये लंडनमध्ये कवी येट्स यांनी रवींद्रनाथांच्या कवितांचे इंग्रजी रूप एका छोट्या बैठकीत वाचले, तेव्हा अँड्र्यूज तेथे होते. त्या रात्री ते फार अस्वस्थ झाले, आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलू लागली.

डर्बनच्या धक्क्यावर

१९१३ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत भारतीय मजुरांचा सत्याग्रह पेटला होता. नामदार गोपाळ कृष्ण गोखले आजारी शरीराने देशभर निधी जमवत होते. अँड्र्यूजांनी आपली शिल्लक त्या निधीत दिली. मग गोखल्यांच्या सांगण्यावरून ते मित्र विली पिअर्सन यांच्यासह स्वतःच दक्षिण आफ्रिकेला निघाले.

जानेवारी १९१४ च्या आरंभी त्यांचे जहाज डर्बनला लागले. धक्क्यावर बरीच माणसे होती. गांधी कोठे आहेत, असे अँड्र्यूजांनी विचारले. डोक्याचे मुंडण केलेल्या, गिरमिटिया मजुराच्या जाड्याभरड्या पांढऱ्या कपड्यांतल्या एका कृश माणसाकडे कोणी तरी बोट दाखवले. अँड्र्यूजांनी पुढे होऊन वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

दुसऱ्या दिवसापासून तेथील गोऱ्यांची वृत्तपत्रे खवळली. गोऱ्या माणसाने, त्यातही धर्मगुरूने, आशियाई माणसाच्या पाया पडावे, हे त्यांना सहन होईना. अँड्र्यूजांना यात विशेष काही वाटले नव्हते. दिल्लीत रुद्र यांच्या घरी आणि झकाउल्लांच्या ओसरीवर ते जे शिकले होते, ते त्यांच्या हातून सहज घडले.

वाटाघाटींत त्यांनी गांधी आणि जनरल स्मट्स यांच्यामध्ये दुव्याचे काम केले. त्याच वर्षी भारतीयांच्या काही प्रमुख तक्रारी दूर करणारा कायदा झाला. पण त्या देशात त्यांनी चर्चच्या दारावरच वर्णभेद उभा पाहिला. ज्याच्या नावाने प्रार्थना करायची तो ख्रिस्त स्वतः आशियाई होता. तो आज आला तर त्यालाही या दारातून परत पाठवतील, हा विचार त्यांना जाळत राहिला.

पद सोडले, सेवा सोडली नाही

परत आल्यावर १९१४ मध्ये त्यांनी दिल्लीचे मिशन सोडले आणि ते शांतिनिकेतनला गेले. त्याच वर्षी त्यांनी धर्मगुरूचे अधिकृत काम करणेही थांबवले. चर्चच्या एका प्राचीन श्रद्धासूत्रात विशिष्ट मत न मानणाऱ्यांच्या सर्वनाशाची भाषा होती. झकाउल्ला, मुन्शीराम, रवींद्रनाथ, गांधी यांना डोळ्यांसमोर ठेवून ते शब्द उच्चारणे त्यांना अशक्य झाले. न पटणारे शब्द ओठांनी म्हणायचे आणि मनात दुरुस्त करून घ्यायचे, हा मार्ग त्यांनी स्वीकारला नाही.

याची किंमत मोठी होती. अनेक जुने मित्र दुखावले. इंग्रज समाजात कुजबुज सुरू झाली की हा माणूस ख्रिस्ती राहिला नाही. त्याच जानेवारीत, ते दक्षिण आफ्रिकेत असताना, इंग्लंडमध्ये त्यांची आई वारली होती. घर दूर, मंडळी दूर, पद गेलेले. ख्रिस्तावरची त्यांची निष्ठा मात्र तसूभरही कमी झाली नाही. पहाटेची प्रार्थना, बायबलचे वाचन आणि दिवसभर दुसऱ्यासाठी धावपळ, हा क्रम अखेरपर्यंत चालू राहिला.

गिरमिटियांचा बंधू

या धावपळीतील सर्वांत मोठे काम गिरमिट पद्धतीचे. गुलामगिरी संपल्यावर साखरेच्या मळ्यांना मजूर हवे होते. भारतातील गरीब माणसाकडून पाच वर्षांच्या करारावर अंगठा घ्यायचा आणि त्याला फिजी, मॉरिशस, नाताळ, वेस्ट इंडिजला पाठवायचे. करार म्हणजे ॲग्रीमेंट. त्याचे लोकांच्या तोंडी झाले गिरमिट. करार मोडला की तुरुंग. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया, असे प्रमाण ठरलेले. त्यामुळे मजुरांच्या चाळींत स्त्रियांची जी दुर्दशा होई, ती वर्णन करण्यापलीकडची होती.

अँड्र्यूज आणि पिअर्सन १९१५ मध्ये फिजीला गेले. चाळीचाळींतून हिंडले, मजुरांशी बोलले, मळेवाल्यांचीही बाजू ऐकली, आणि परत येऊन त्यांनी अहवाल प्रसिद्ध केला. व्हाइसरॉय हार्डिंज यांच्याशी दिल्लीपासून असलेली मैत्री त्यांनी या कामी लावली. १९१६ मध्ये मदनमोहन मालवीयांनी कायदेमंडळात ठराव आणला आणि सरकारने ही पद्धत बंद करण्याचे तत्त्व मान्य केले. १९१७ मध्ये भरती थांबली. अँड्र्यूज त्या वर्षी पुन्हा फिजीला गेले. १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले करारही रद्द झाले. हे श्रेय एकट्या अँड्र्यूजांचे नव्हे. गोखले, गांधी, मालवीय आणि स्वतः मजूर, सर्वांचा त्यात वाटा होता. पण समुद्रापलीकडच्या चाळींत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहून येणारा माणूस हवा होता, आणि तो अँड्र्यूजांच्या रूपाने मिळाला.

१९१९ मध्ये जालियनवाला बागेनंतर ते पंजाबला निघाले तेव्हा सरकारने त्यांना अमृतसरमध्ये अडवून दिल्लीला परत पाठवले. नंतर परवानगी मिळाल्यावर ते गावोगाव हिंडले आणि फटक्यांची शिक्षा भोगलेल्या माणसांपुढे आपल्या देशबांधवांच्या वतीने त्यांनी क्षमा मागितली. १९२१ मध्ये आसामचे चहामळे सोडून आलेले मजूर चांदपूरला पटकीने मरत होते. तेथेही ते पोहोचले. १९२५ आणि १९२७ मध्ये ते अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

दिल्लीतील एकवीस दिवस

दिल्ली सुटली तरी दिल्लीशी नाते तुटले नाही. रुद्र कॉलेजातच राहिले होते. १९१५ मध्ये गांधी प्रथम दिल्लीला आले तेव्हा ते काश्मिरी गेटजवळ रुद्र यांच्याच घरी उतरले, आणि पुढेही अनेकदा तेथेच उतरत राहिले. असहकारासंबंधी व्हाइसरॉयला लिहिलेल्या पत्राचा मसुदा त्याच छपराखाली तयार झाला. एका मिशन कॉलेजच्या प्राचार्याने सरकारच्या सर्वांत मोठ्या विरोधकाला आपल्या घरी ठेवून घेणे सोपे नव्हते. रुद्र यांनी ते शांतपणे केले.

१९२४ मध्ये हिंदू-मुस्लिम दंगलींनी व्यथित होऊन गांधींनी दिल्लीत मौलाना मोहम्मद अली यांच्या घरी एकवीस दिवसांचा उपवास आरंभला. अँड्र्यूज धावून आले. शुश्रूषा, भेटीला येणाऱ्यांची व्यवस्था, यंग इंडियाच्या संपादनाचे काम, सर्व त्यांनी अंगावर घेतले. ८ ऑक्टोबरला उपवास सुटला. इमाम साहेबांनी कुराणातील प्रार्थना म्हटली, अँड्र्यूजांनी ख्रिस्ताच्या क्रूसावरील भक्तिगीत गायले, आपले विनोबा उपनिषदातील मंत्र म्हणाले, बाळकोबांनी भजन गायले. मग डॉ. अन्सारींनी संत्र्याचा रस पुढे केला. दिल्लीतील या खोलीत त्या दिवशी प्रत्येकाने आपापल्याच शब्दांत प्रार्थना केली. कोणाला आपला धर्म सौम्य करावा लागला नाही.

धर्मांतराचा अवघड प्रश्न

ख्रिस्ती सेवेचा विषय निघाला की आपल्याकडे एक शंका मनात येते : ही सेवा धर्मांतरासाठी तर नाही? अँड्र्यूजांनी हा प्रश्न टाळला नाही. सेवेचे आमिष दाखवून माणसाला आपल्याकडे ओढणे त्यांना मान्य नव्हते. पण १९३६ मध्ये याच विषयावर गांधींशी झालेल्या संवादात त्यांनी एक मर्यादाही सांगितली. एखाद्याने खूप विचार आणि प्रार्थना करून मनापासून ख्रिस्ताचा मार्ग घ्यायचे ठरवले, तर त्याला आपण अडवू शकणार नाही, असे त्यांचे मत होते. गांधींना ते पूर्णपणे पटले नाही. दोघांचा हा मतभेद शेवटपर्यंत राहिला आणि मैत्रीही राहिली. मनातले न लपवता एकमेकांवर प्रेम करता येते, याचे हे उदाहरण.

अखेरची वर्षे

आयुष्याच्या उत्तरार्धात अँड्र्यूजांनी धर्मगुरूचे काम पुन्हा स्वीकारले. ज्या मंडळीपासून ते दूर गेले होते, तिच्या वेदीपाशी ते परत आले. या मधल्या वर्षांत ते पुष्कळ हिंडले, पुष्कळ सोसले, आणि मंडळीही थोडी बदलली होती. १९१२ मध्ये अझरय्या अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले होते. १९०६ मध्ये जे धाडस वाटत होते, ते हळूहळू रीत बनू लागले होते.

रुद्र १९२५ मध्ये गेले. अँड्र्यूज ५ एप्रिल १९४० रोजी कलकत्त्यात वारले. आजारपणात गांधी त्यांना रुग्णालयात भेटून गेले होते. लोअर सर्क्युलर रोडवरील ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना निरोप देण्यात आला. मागे संपत्ती काही नव्हती. कोणी चांगला कोट दिला तर तो आठवडाभरात दुसऱ्याच्या अंगावर दिसे, अशी त्यांची ख्याती होती.

या चरित्रातून काय घ्यावे?

अँड्र्यूजांचे चरित्र वाचून बाहेर पडणे हाच खरा मार्ग, आत राहणारे मागासलेले, असा अर्थ कोणी काढील. तो अपुरा आहे. अँड्र्यूज निघून गेल्यावरही काश्मिरी गेटच्या त्या कॉलेजात रोज घंटा वाजत होती, वेळापत्रक लागत होते, रुसलेल्या अध्यापकाची समजूत काढावी लागत होती. ती सर्व वर्षे रुद्र तेथे होते. अँड्र्यूज गेल्याने दिल्लीच्या मंडळीने आपला सर्वांत स्पष्ट आवाज गमावला. रुद्र राहिल्याने तिने आपले घर टिकवले. जगभर फिरणाऱ्या अँड्र्यूजांना दिल्लीत हक्काने परत येता आले, कारण तेथे दार उघडणारा मित्र होता. मंडळी बदलायची तर दोघेही लागतात : बाहेर जाऊन दुःख पाहून येणारा, आणि आत राहून ते ऐकून घेणारा.

बदलाची सुरुवात कोठून झाली, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. सेवा तर आधीपासून होत होती. रुग्णालय होते, शाळा होत्या. पण ज्यांची सेवा करायची त्यांच्या हाताखाली काम करायची तयारी नव्हती. ती १९०६ मध्ये आली, आणि मग सेवेचा रंगच पालटला. देणारा वर आणि घेणारा खाली, ही मांडणी मोडली.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरमध्ये उत्तर भारतातील सहा चर्च एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. अँड्र्यूजांची जुनी दिल्ली मंडळी आज तिचाच भाग आहे. तीस हजारीचे सेंट स्टीफन्स हॉस्पिटल आज स्त्री-पुरुष सर्वांसाठी आहे, आणि यमुनेपलीकडे सुंदर नगरीच्या दाट वस्तीत त्याचे सामुदायिक आरोग्य केंद्र चालते. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम मिळून आज जी महानगरी झाली आहे, तिच्यात बिहार, बंगाल, ओडिशापासून आलेला बांधकाम मजूर राहतो. त्याच्या हातात गिरमिटचा कागद नाही, पण मुकादमाची उचल, पत्र्याची खोली आणि परका मुलूख त्याच्याही वाट्याला आहे. अँड्र्यूज आज असते तर त्यांचा पत्ता बहुधा तेथलाच असता.

साधना कोणत्याही परंपरेची असो, ती करणाऱ्यांचा समूह बनला की त्याभोवती नकळत भिंत उभी राहते. आपली भाषा, आपली गाणी, आपली ओळखीची माणसे यांत मन रमते, आणि त्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की शेवटी कधी आपण त्या भिंतीपलीकडच्या कोणाच्या ओसरीवर, शिकवायला नव्हे तर ऐकायला, जाऊन बसलो होतो? अँड्र्यूजांच्या सेवेचा आरंभ झकाउल्लांच्या ओसरीवर तसे बसण्यातून झाला होता. या आठवड्यात आपणही एखाद्या ओसरीवर जाऊन बसून पाहू या.